मदत हवी आहे: अण्णा आणि नातीने सोबत पाहावा असा सिनेमा सुचवा

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीचे. दिवाळीत आई गेली, तेव्हापासून अण्णा (माझे वडील) गावाकडचं घर बंद करून आमच्याकडे आलेत. बोलणं जवळपास थांबलंच होतं.

परवा माझी आठ वर्षांची लेक पिक्सारचा २००९ चा 'अप' पाहत होती. अण्णा सहज येऊन बसले. सुरुवातीला कार्ल आणि एलीचा अख्खा संसार काही मिनिटांत येतो, एकही संवाद नाही, फक्त मायकेल जियाकिनोंचं संगीत. प्रवासासाठी बरणीत साठवलेले पैसे दर वेळी दुसरीकडेच खर्च होतात. कधी टायर, कधी छप्पर. अण्णा हळूच म्हणाले, "आमची काशी अशीच राहिली. एका साली बियाणं, एका साली बोअर."

इतक्या महिन्यांत आईविषयी ते पहिल्यांदाच बोलले. शेवटी एलीच्या वहीतली कोरी वाटलेली पानं त्यांच्या संसाराच्या फोटोंनी भरलेली निघतात, तेवढा भाग त्यांनी पुन्हा लावायला सांगितला. लेक मांडीवर होती. तिनं विचारलं, "आजीची वही कुठंय?" मला काहीच बोलता आलं नाही.

असे आणखी ॲनिमेशन सिनेमे सांगाल का? संवाद कमी असावेत किंवा हिंदीत असावेत, अण्णांना इंग्रजी कळत नाही. प्रवास, साहस असलं की लेकही बसते. आणि तुमच्यापैकी कुणी घरातल्या मृत्यूबद्दल लेकरांशी सिनेमाच्या निमित्तानं बोललं असेल, तर सुरुवात कशी केली तेही लिहा. रविवारी दोघांना घेऊन बसायचं आहे.