मदत हवी आहे: मॅक मिनी आणि ५के मॉनिटर घेऊ का? (रविवारच्या आत सांगा)

शाईचे_डाग
नमस्कार मंडळी, पाल्हाळ लावत नाही. मॅक मिनी (ॲपलचा छोटा डेस्कटॉप; एम४ चिप, रॅम १६ जीबी, डिस्क २५६ जीबी) आणि सोबत ॲपलचाच २७ इंची ५के मॉनिटर घ्यायचं मनात आहे. मिनी ५९,९०० आणि मॉनिटर १,५९,९०० ही २०२५ ची छापील किंमत. दोन्ही मिळून काहीतरी सोडतो म्हणतोय दुकानदार, पण रविवारपर्यंतच. मॉनिटर जरा जड जातोय. तर ५केच घ्यावा की २७ इंची ४केवर भागेल? अक्षर स्वच्छ दिसलं पाहिजे, एवढी एकच अट. काम नेहमीचंच आहे, गेम वगैरे नाही.
कृपया व्हिडिओच्या लिंका देऊ नका, बघून बघून डोकं गरगरतंय.

खटपट्या
नेहमीचं म्हणजे काय? बँकेत बसणाऱ्याचं नेहमीचं वेगळं आणि लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्याचं वेगळं. आत्ता कुठली मशीन आहे, कुठली सॉफ्टवेअर वापरता, मॉनिटरपासून किती लांब बसता, हे लिहा. नाहीतर जो तो आपापल्या घरात काय आहे ते सांगेल.

पिक्सेलपंत
साहेब, ५केला पर्याय नाही. कारण सांगतो. मॅकला अक्षरं दुप्पट घनतेत आखायची सवय आहे. ५के म्हणजे ५१२० × २८८०, त्याचं बरोबर अर्धं २५६० × १४४०, आणि २७ इंचावर तोच आकार डोळ्याला सोयीचा पडतो. एका ठिपक्याचे चार ठिपके, हिशोब पूर्ण. आता २७ इंची ४के घेतलात आणि सेटिंगमध्ये तोच आकार निवडलात, तर मॅक आधी ५१२० × २८८० चं चित्र तयार करतो आणि मग ते ३८४० × २१६० मध्ये कोंबतो. कडा किंचित मऊ होतात. ५केवर इंचाला २१८ पिक्सेल, ४केवर १६३. त्यात २०१८ च्या मोहावी या मॅक प्रणालीपासून ॲपलने अक्षरांच्या कडा रंगीत उपपिक्सेल वापरून घोटायची पद्धत काढून टाकली, त्यामुळे कमी घनतेच्या मॉनिटरवर मॅकचं अक्षर विंडोजपेक्षा भुरकट दिसतं. एकदा ५के बघितलात की मागे फिरवत नाही.
अवांतर: त्या मॉनिटरला एचडीएमआय नाही, फक्त थंडरबोल्ट आणि यूएसबी-सी. उद्या दुसरी मशीन लावायची झाली तर आठवण ठेवा.

टक्स_भाऊ
दोन लाख वीस हजार?? जुन्या मशीनमध्ये एसएसडी टाका, लिनक्स मिंट चढवा, आयुष्य बदलेल. माझा २०१२ चा लॅपटॉप अजून पळतोय.

पिक्सेलपंत
@टक्स_भाऊ, प्रश्न मॉनिटरचा आहे हो. एसएसडी टाकल्यावर पिक्सेल वाढतात का?

एडिसनकर
इथे न्यू जर्सीत मिनी ५९९ डॉलरला आहे, वर सेल्स टॅक्स. डिसेंबरात पुण्याला येतोय, हवी तर घेऊन येतो. पॉवर सप्लाय आतच आहे, आपल्या व्होल्टेजवर चालतो, वायर साधी इंग्रजी आठाच्या आकाराची, पन्नास-शंभर रुपयात मिळेल.

खटपट्या
@एडिसनकर, कस्टममध्ये एका लॅपटॉपला वेगळी सूट असते, डेस्कटॉपला तशी वेगळी नसते. अनोळखी माणसाच्या मशीनपायी एअरपोर्टवर बॅगा उपसत बसाल.
आणि धागाकर्ते गायब.

मानेचा_मणका
कोणी विचारलं नाही तरी सांगतो. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत हवी. ॲपलच्या साध्या स्टँडची उंची वरखाली होत नाही, त्याचे वेगळे पैसे. मी खाली दोन टेलिफोन डिरेक्टऱ्या ठेवल्यात. मान धरली की पिक्सेल मोजत बसाल.

शाईचे_डाग
माफ करा, दिवसभर गिऱ्हाईक होतं. आणि साहेब नाही, बाई आहे मी.
काम म्हणजे डीटीपी, संगणकावर छपाईची पानं जुळवणं. मिरजेत आमचा छोटा छापखाना आहे, बाबांच्या वेळेपासूनचा. पत्रिका, पावती पुस्तकं, कार्यअहवाल, दिवाळीच्या आधी एखादा अंक. पानं लावायला पेजमेकर, चित्रांना कोरल आणि फॉन्टचं डोंगल (ते मशीनला लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाहीत). ट्रेसिंग पेपरवर लेझरचा प्रिंट काढायचा, त्यावरून पुढे छपाईची प्लेट. मशीन आय३ चौथी पिढी, विंडोज १०. मॉनिटर साडेअठरा इंची, १३६६ × ७६८.
आता हे सगळं का, ते. गेल्या महिन्यात तीनशे पाकिटं पुन्हा छापावी लागली. पाकिटाच्या मागच्या बाजूला आठ पॉइंटात दोघांची नावं होती, त्यात "चि. सौ. कां." च्या कां वरचा अनुस्वार गेला. स्क्रीनवर मी दोनदा वाचलं, मला तो होता असंच दिसलं. मुलीच्या आजोबांनी पाकीट डोळ्यांसमोर धरलं आणि एवढंच म्हणाले, "का. म्हणजे काय?" त्या दिवशी ठरवलं, जगातला चांगल्यात चांगला मॉनिटर आणायचा.

खटपट्या
ताई!! हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!
पेजमेकर मॅकवर चालत नाही. गंमत म्हणजे तो १९८५ साली जन्मला मॅकवरच, ऑल्डस कंपनीचा. पण शेवटची मोठी आवृत्ती ७.०, २००१ ची, आणि मॅकच्या नव्या प्रणालीवर तो कधी आलाच नाही. कोरलची मॅक आवृत्ती आहे, तिचे पैसे पुन्हा भरा. आणि डोंगल यूएसबीचं आहे की मागे जुन्या प्रिंटर पोर्टला लावायचं एलपीटीवालं?

पिक्सेलपंत
ताई, क्षमस्व, साहेब म्हणालो. पण घाबरू नका. पॅरलल्स टाका (मॅकच्या आत विंडोज चालवणारा प्रोग्राम), त्यात विंडोज ११, त्यात पेजमेकर. मॅकही मिळेल, विंडोजही.

खटपट्या
पंत, अर्धंच सांगू नका. एम४ ही एआरएम चिप, नेहमीच्या इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्या जातीची, त्यामुळे आत चालणारं विंडोजही एआरएमचंच. साधे जुने प्रोग्राम ते भाषांतर करून चालवतं, पेजमेकर कदाचित उघडेलही. पण डोंगलला ड्रायव्हर लागतो आणि कर्नलमधल्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही, तो एआरएमसाठीच लिहिलेला हवा. ताईंचं डोंगल किती साली घेतलेलं आहे? तसा ड्रायव्हर मिळणार आहे का, हे फॉन्टवाल्यांना आधी फोन करून विचारायचं. जुन्या लेझर प्रिंटरचंही तेच. दोन लाख मोजल्यावर फॉन्टच टाइप होत नाहीत म्हटल्यावर काय करायचं, स्क्रीनसेव्हर बघायचा?

शाईचे_डाग
डोंगल यूएसबीचं, २०११ सालचं. मॅकवर पेजमेकर नसतो हे खरंच माहीत नव्हतं. दुकानदार म्हणाला, "डीटीपीवाले सगळे मॅकच वापरतात."

युनिकोडच_हवं
मूळ दुखणं मॉनिटर नाहीच. २०२५ मध्ये डोंगलवाले फॉन्ट का वापरता? युनिकोडवर, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या एकाच अक्षरसंकेतावर या, पेजमेकरऐवजी इनडिझाइन घ्या. मजकूर शोधता येतो, व्हॉट्सॲपवरून आलेला तसाच चिकटवता येतो.

जुना_खिळा
बाळा, मी खिळे जुळवण्यापासून हे काम केलंय. गिऱ्हाईक मागच्या वर्षीची पावती घेऊन येतं आणि म्हणतं, "अशीच द्या." ती फाइल जुन्या फॉन्टात, पेजमेकरमध्ये. तुझ्या युनिकोडात ती पहिल्यापासून जुळवायची, आणि त्या कामाचे पैसे कोण देणार?

युनिकोडच_हवं
काका, कन्व्हर्टर असतात.

जुना_खिळा
असतात. आणि कन्व्हर्ट केल्यावर रफार कुठे जाऊन बसतो तेही पाहिलंय.

खटपट्या
दोघांचंही बरोबर, पण हा धागा त्यासाठी नाही. इनडिझाइनला जायचंच झालं तर त्यात वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्यासारख्या लिप्या नीट जुळवणारी सेटिंग) लावावा लागतो, नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी बसते. ते शिकायला दिवाळीनंतरचा महिना बरा, लग्नसराई नाही.

जुना_खिळा
पोरी, मॉनिटर घे, जरूर घे, पण अनुस्वार कागदावर तपासायचा. प्रिंट काढ, पट्टी ठेव, एकेक ओळ खाली सरकव, आणि दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लाव. ज्याने टाइप केलं त्याला स्वतःची चूक दिसत नाही, मॉनिटर कुठलाही असो.

शाईचे_डाग
काका, पटलं. बाबाही तसंच करायचे, पट्टीसकट. आता दुसरा माणूस म्हणजे माझा दहावीतला मुलगा, तो "हो हो बरोबर आहे" म्हणून पळतो.
तरी मॉनिटर लागणारच. पेजमेकर विंडोजवरच ठेवायचा तर मग ४के घेऊ ना?

खटपट्या
इथेच खरी मेख आहे. पेजमेकर ज्या काळातला आहे त्या काळात असे मॉनिटर नव्हते, त्यामुळे विंडोजचं स्केलिंग, म्हणजे सगळं टक्केवारीने मोठं करून दाखवणं, त्याला कळत नाही. ४केवर १५० किंवा २०० टक्के लावलंत की विंडोज त्याचं चित्र ताणून मोठं करतं, म्हणजे अक्षर पुन्हा भुरकट. १०० टक्क्यांवर ठेवलंत तर पान लखलखीत, पण मेनू मुंगीएवढे. शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, हाय डीपीआय, तिथे "सिस्टम (एनहान्स्ड)" करून बघता येतं, थोडा फरक पडतो. सगळ्या प्रोग्रामना पडतोच असं नाही.
आकडेच मांडतो. ए४ पान पूर्ण उभं दिसेल असं ठेवलं की तुमच्या ७६८ च्या स्क्रीनवर, मेनू-पट्ट्या वजा जाता, पानाला साधारण ६५० पिक्सेल मिळतात. आठ पॉइंटच्या अक्षराला सहा. त्या सहात शिरोरेषा, काना, आणि वर अनुस्वार! त्याच्या वाट्याला धड एक पिक्सेलही येत नाही, तो तुम्हाला "दिसला" तो मनानेच. २५६० × १४४० च्या म्हणजे क्यूएचडी मॉनिटरवर १०० टक्क्याला बारा पिक्सेल. ४के २०० टक्क्याला ताणला तर पेजमेकरच्या दृष्टीने तो १०८० चाच, म्हणजे नऊ. ४के १०० टक्क्याला एकोणीस, पण मेनू वाचायला भिंग.
म्हणून पेजमेकर आहे तोवर २७ इंची क्यूएचडी. ४केचे जादा पैसे देऊन ताणलेलं चित्र बघण्यात अर्थ नाही.

पिक्सेलपंत
हिशोब मान्य. पण क्यूएचडीवर मॅक लावू नका कधी, डोळ्यांना त्रास होईल.

खटपट्या
मॅक लावणारच नाहीयेत त्या, पंत.

टक्स_भाऊ
पेजमेकर वाइनमध्ये (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालतो का कुणी पाहिलंय?

मानेचा_मणका
ताई, अंतर किती ते राहिलंच.

शाईचे_डाग
पट्टीने मोजलं, ५५ सेंटिमीटर. दाराजवळ मागून उजेड येतो.
मग मशीनचं काय करू? छोटीच हवी, टेबलावर कटिंगच्या कागदांमुळे जागाच उरत नाही.

खटपट्या
छोटीसाठी मॅकच लागतो असं नाही. इंटेल किंवा एएमडी चिपचे मिनी पीसी मिळतात: असुसचे नक (इंटेलने २०२३ मध्ये ती लाइन सोडली, पुढे असुसने घेतली), लेनोवोचे टायनी, एचपी-डेलचेही तसेच डबे. मॉनिटरच्या पाठीलाही अडकवता येतात. १६ जीबी, ५१२ जीबी एसएसडी, आणि मुख्य म्हणजे एआरएमवालं नको. नक बरेचदा रॅम-डिस्कशिवाय विकतात, किंमत स्वस्त दिसली तर तेवढं विचारा. जुनी आय३ ठेवू नका, विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी तरी हवी.
पण आधी मॉनिटर घ्या आणि जुन्याच मशीनला लावून बघा. आत्ता वायर कुठली आहे? निळ्या तोंडाची, दोन स्क्रूंची?

शाईचे_डाग
हो, निळी. दोन्ही स्क्रू ढिले.

खटपट्या
ती व्हीजीए. नव्या मॉनिटरला ती लावू नका, एचडीएमआय लावा. चौथ्या पिढीच्या एचडीएमआयवर ४के तीस हर्ट्झच्या (सेकंदाला तीस चित्रांच्या) पुढे जात नाही, माउस फरपटतो. क्यूएचडी चालायला हवा, पण बोर्डावर अवलंबून आहे, म्हणून दुकानातच लावून बघा.

शाईचे_डाग
झालं एकदाचं, सांगते. शनिवारी सीपीयू रिक्षात मांडीवर घेऊन सांगलीला गेले, डोंगल पर्समध्ये. दुकानातला मुलगा आधी हसला. क्यूएचडी लावला, साठ हर्ट्झला चालला. शेजारीच ४के होता, त्यावरही तीच पाकिटाची फाइल उघडायला लावली. १५० टक्क्याला अक्षर ओल्या कागदावर छापल्यासारखं, १०० टक्क्याला सुंदर, पण टूलबॉक्समधला बाण मला सापडेना. क्यूएचडीवर पूर्ण पान ठेवून "कां" वाचला. अनुस्वार होता. मग मुद्दाम काढून टाकला आणि पुन्हा पाहिलं: नव्हता! हे माझ्या जुन्या स्क्रीनवर कळलंच नसतं.
मॉनिटर घेतला. मिनी पीसी लग्नसराई झाल्यावर, डोंगल त्यात लावून बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. मॅकवाल्याचे चार मिस्ड कॉल आहेत.
आणि काका, पट्टी सापडली. बाबांची, पितळी, पंचांगाच्या गठ्ठ्याखाली.

जुना_खिळा
छान. आता मुलाला बसव.

गंमतजंमत
सगळा धागा वाचला नाही, पण डोळे झाकून ५के घ्या.