बिहार ११०६ आणि अरुणाचल १७, एवढा फरक का?

राजारामपुरी_अभ्यासिका
नमस्कार मंडळी, एमपीएससीचा भूगोल चालू आहे. २०११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्येची घनता चौ.किमी.ला ३८२ माणसं, बिहार ११०६, केरळ ८६०, राजस्थान २००, अरुणाचल १७. आकडे पाठ झालेत पण कारण डोक्यात बसंना. पाऊस जास्त तिथं माणसं जास्त म्हणावं तर अरुणाचलात पाऊस बक्कळ पडतोय की. कुणीतरी जरा इस्कटून सांगा.

पंचगंगाकाठ
ताई, नुसता पाऊस धरू नका. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात बघा ना, सगळ्यात जास्त पाऊस गगनबावड्यात आणि माणसं सगळ्यात कमी पण तिथंच. डोंगरउतार, माती वाहून जाते, पावसाळ्यात भात-नाचणी निघते आणि बाकी सगळं जंगल. अशाच डोंगरातलं पाणी राधानगरी धरणातनं भोगावतीनं, मग पंचगंगेनं खाली येतंय आणि करवीर, हातकणंगले, शिरोळला काळ्या जमिनीत बारमाही ऊस उभा राहतोय, वर इचलकरंजीत यंत्रमाग, म्हणून तिथं गावाला गाव चिकटलंय. पाणी वापरता येतंय का, हे बघायचं.

बिहारचं पण तेच. गंगा, गंडक, कोसी यांचा गाळ, सपाट रान, थोडं खणलं की पाणी, वर्षात भात नि गहू दोन्ही. शेजारचा झारखंड २००० पर्यंत त्याच राज्यात होता, पण पठार आणि जंगल असल्यानं तिथं ४१४ च. आणि बिहारात जन्मदरही देशात सगळ्यात जास्त राहिलाय, तो मुद्दा उत्तरात लिहाच.

फौजी_गडहिंग्लज
पंचगंगाकाठ दादांनी बरोबर सांगितलं. माझं पोस्टिंग जैसलमेरकडं होतं, तिथं ढाण्या म्हणजे चार-पाच घरांची वस्ती, मग मैलोनमैल वाळू नि खेजडीची झाडं, बायका लांबनं पाणी आणायच्या. त्या जिल्ह्याची घनता पण १७ च, अरुणाचलाएवढीच बघा! एकीकडं पाणी नाही म्हणून, दुसरीकडं उभे डोंगर नि घनदाट जंगलामुळं सपाट जागाच नाही म्हणून.

रंकाळा_संध्याकाळ
केरळचं राहिलं की. किनारपट्टी, नारळाच्या बागा, भातखाचरं, शिवाय जुना समुद्री व्यापार. गाव कुठं संपलं नि दुसरं कुठं लागलं कळत नाही, प्रत्येक घर आपल्या परड्यात. पण तिथं पण डोंगराकडचं इडुक्की विरळच. आपल्या राज्याची सरासरी ३६५ म्हणतात, त्यात मुंबई उपनगर २० हजारांवर आणि गडचिरोली ७४, मग त्या ३६५ वरनं काय कळणार. जिल्हावार नकाशा घेऊन बसा ताई, नदी, डोंगर, पाऊस एकावर एक ठेवून बघा.

राजारामपुरी_अभ्यासिका
जैसलमेर आणि अरुणाचल दोन्ही १७, हे आता विसरणं शक्य नाही. धन्यवाद सगळ्यांना! कोल्हापूर जिल्हा किती?

पंचगंगाकाठ
५०४. हे सगळे २०११ चेच आकडे, पुढची गणना २०२७ ला आहे, तोवर हेच लिहा.