रात्रीचा चोर आणि कलम ४१

"चोर घरात शिरला की मारून टाकला तरी चालतं," असं काही जण ठासून सांगतात. हे अर्धंच खरं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४१ मध्ये (जुन्या भारतीय दंड विधानाचं कलम १०३) सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी येते, आणि तिथे बचावाचा हक्क जीव घेण्यापर्यंत जातो. पण कलम ३७ ची मर्यादा त्यालाही आहेच: बचावासाठी लागेल त्यापेक्षा जास्त इजा नाही. साध्या चोरीत तर जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असावी लागते.

खरी मेख कलम ४३ मध्ये आहे. घरफोडीविरुद्धचा हक्क घुसखोरी चालू असेपर्यंतच टिकतो. चोर रिकाम्या हाताने कुंपणावरून पळाला आणि तुम्ही गल्लीच्या टोकाला गाठून त्याच्या डोक्यात पहार घातलीत, तर बचाव संपला, गुन्हा तुमचा. पकडून खांबाला बांधून बडवणं तर सरळसरळ मारहाणच. (आपल्याकडे मात्र त्याचे व्हिडिओ अभिमानाने फिरतात.)

उलट बाजूने, न्यायालयं अगदीच कोरडी नाहीत. 'दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य' (२०१०) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की हल्ल्याखाली असलेल्या माणसाकडून घाव मोजूनमापून घालण्याची अपेक्षा धरता येत नाही. आपण बचावच केला हे दाखवण्याचा भार आरोपीवर असतो, पण त्याची बाजू अधिक संभाव्य वाटली तरी पुरतं. सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेली, तर खुनाच्या कलम १०१ मधल्या अपवादाने खुनाऐवजी सदोष मनुष्यवध (खुनाहून कमी गंभीर गुन्हा) ठरू शकतो. तुरुंगवास मात्र त्यातही होतो.