हॅटशेपसूटने गादी बळकावली, हे मला मान्य नाही

नीलकाठ (धागाकर्ता)
इजिप्तच्या या राणीबद्दल आजही 'सावत्र मुलाची गादी लाटणारी बाई' असं सर्रास लिहिलं जातं. वाचून चीड येते. नवरा, दुसरा थुटमोस, वारला तेव्हा वारस असलेला तिसरा थुटमोस अगदी लहान होता, आणि तोही दुसऱ्या बायकोचा. हॅटशेपसूटने आधी त्याच्या नावाने कारभार पाहिला आणि त्याच्या सातव्या राज्यवर्षापर्यंत ती स्वतः फराओ, म्हणजे इजिप्तचा राजा, झाली. इ.स.पू. १४७९ ते १४५८ च्या सुमारास हे सगळं घडलं. एवढ्या काळात तिने त्या मुलाच्या जिवाला हात लावला नाही, त्याचं राजेपद काढलं नाही, वर्षंही त्याच्याच राज्यारोहणापासून मोजली. कर्नाक मंदिरातल्या लाल देवघरात दोघं एकाच राजवेशात कोरलेले आहेत. गादी लाटणारा असं करतो का?

वाळूघड्याळ
असहमत. त्याच देवघरात पुढे कोण उभं आहे तेही सांगा. बहुतेक ठिकाणी ती पुढे आणि तो मागे! लहान राजाच्या वतीने राज्य सांभाळणाऱ्या राण्या तिच्याआधीही होत्या, पण त्यांनी राजेपदाची खूण असलेली फराओची खोटी दाढी लावली नाही. हिने लावली. शिवाय दैर अल-बहरीच्या मंदिरात 'आमून देव वडिलांच्या रूपात आईकडे आला आणि मी जन्मले' ही कथा कोरून घेतली. हक्क वादातीत असता तर एवढा खटाटोप कशाला? आणि मुलगा कर्ता झाल्यावरही मरेपर्यंत सत्ता सोडली नाही, त्याचं काय?

नीलकाठ
अहो, हीच जन्मकथा पुढे तिसऱ्या अमेनहोतेपने लक्सरच्या मंदिरात स्वतःच्या नावाने कोरली. त्याला कोणी लाटणारा म्हणत नाही. पुरुषाने केला तर राजधर्म, बाईने केला तर खटाटोप?

आणि राज्य कसं केलं ते बघा ना. नवव्या वर्षी पाच जहाजं पुंत देशाला पाठवली. दैर अल-बहरीच्या भिंतीवर ती सगळी मोहीम आहे: मुळं टोपलीत बांधलेली धुपाची झाडं दांड्याला अडकवून माणसं जहाजावर चढवताहेत, आणि खाली पाण्यात तांबड्या समुद्रातले मासे इतके नेमके कोरलेत की त्यांच्या जाती ओळखता येतात. ती गेल्यावर लगेच थुटमोस कनानमधल्या मेगिद्दो शहरावर चालून गेला आणि जिंकला. ते सैन्य आणि तो खजिना काय आभाळातून पडला?

मधली_ओसरी
राज्य उत्तम केलं, वादच नाही. पण मग थुटमोसने तिचं नाव छिन्नीने का खोडलं? मूर्ती फोडून खड्ड्यांत का टाकल्या? मनात राग असल्याशिवाय हे होत नाही.

नीलकाठ
राग असता तर राज्य हाती येताच खोडलं असतं. खोडाखोड सुरू झाली ती ती गेल्यावर साधारण वीस वर्षांनी, थुटमोसच्या कारकिर्दीच्या शेवटी. मूर्तींबद्दल २०२५ मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात अभ्यास आला आहे. बऱ्याच मूर्ती मान, कंबर आणि गुडघ्यात तोडल्या आहेत आणि कित्येकींचे चेहरे शाबूत आहेत. मूर्तीतली शक्ती काढून घ्यायची तिकडची ती रीतच होती, इतर राजांच्या मूर्तींचंही तसं केलेलं आढळतं. सूड घेणारा आधी तोंड फोडतो.

वाळूघड्याळ
मूर्तींचं मान्य. पण भिंतीवरचं नाव खोडून त्या जागी थुटमोसने आपल्या बाप नि आजोबांची नावं घालणं ही रीत नव्हे. स्वतःच्या मुलाला गादी देताना मधली बाई अडचणीची वाटली, म्हणून तिला वगळून वंश सरळ करून घेतला. तिचं फराओपद नियमाबाहेरचं होतं, हे तिच्या वारसालाच वाटत होतं. अबायडोसच्या मंदिरात कोरलेल्या राजांच्या यादीतही ती नाही.

नीलकाठ
वारसाची सोय बघितली, इथवर मीही तुमच्याबरोबर. पण यादीचा पुरावा देऊ नका. त्या यादीत अखेनातेन हा फराओ नाही आणि तुतानखामून हा फराओही नाही. त्या दोघांनी कोणाची गादी बळकावली होती?