त्या दिवसांत तुम्ही कशाला धरून राहिलात? (अनुभव धागा)

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, दूषित पाण्याची चर्चा सुरू झाली, आपल्याकडे सोलापुरातही एक संशयित मृत्यू झाला, आणि माझी आई पुन्हा करोनाच्या २०२० मध्ये जाऊन पोचली. आमच्याकडे नळाला चार दिवसांआड पाणी येतं. त्यातलं पिण्याचं सगळं ती उकळायला लागली. ते योग्यच होतं, पण रात्री दोनला उठून झाकलेलं पातेलं पुन्हा बघायला जायची. मी विचारलं, तर म्हणाली, "तेव्हा आपण कसं काढलं गं ते वर्ष?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून तुम्हाला विचारते आहे. साथीच्या त्या दोन वर्षांत धीर कशामुळे टिकला? काढे आणि औषधं कृपया लिहू नका, त्यासाठी डॉक्टर आहेत. 'सकारात्मक राहा' असंही नको. जे खरंच घडलं तेवढंच लिहा, एक ओळ असली तरी चालेल.

माझं आधी सांगते. पाण्याचा दिवस. जग थांबलं होतं तरी चार दिवसांनी पहाटे नळ यायचाच. गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या आणि त्या आवाजावरून कळायचं, सगळी घरं जागी आहेत. एका घराची मोटर वाजली नाही, तर पलीकडची मावशी गच्चीतून हाक मारायची. आमच्या गल्लीत आजारी कोण हे बहुतेक वेळा असंच कळलं.

— जुळे सोलापूर

○

ताई, मी माझ्या अम्माचं लिहितो. ती पूर्व भागात चाळीस वर्षं विड्या वळते. मार्च २०२० मध्ये विडी कारखान्याची ब्रँच बंद पडली. पान नाही, तंबाखू नाही, आठवड्याची मजुरी नाही. आमच्या घरात पैसा येण्याचा तोच एक रस्ता होता. रेशनचा तांदूळ आला म्हणून निभावलं.

पण पैशापेक्षा तिचे हात बघवत नव्हते. दुपारी दोन वाजले की बोटं आपोआप हलायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं सूप काढलं, कात्री काढली, पान कापायचा पत्रा काढला आणि जुन्या पेपरची पानं कापायला बसली. पेपरची विडी वळायची, दोरा बांधायची, उलगडून पुन्हा वळायची. मला वाटलं तिच्या डोक्यावर परिणाम झाला. मी सूप उचलायला गेलो तर म्हणाली, "राहू दे रे. हात थांबला की डोकं चालतं."

दोन दिवसांनी समोरची अक्का तिच्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसली. मग तिच्या बाजूची. आमची गल्ली आठ फुटांची, पण प्रत्येक जण आपापल्या उंबऱ्यावर, मधलं अंतर राखून. तेलुगूत गप्पा, एखादी कन्नड बोलणारी, मध्येच मराठी. कोणाचा मुलगा हैदराबादेत अडकलाय, कोणाला शुगरची गोळी मिळत नाही, सगळं तिथं निघायचं आणि गोळीचा बंदोबस्तही तिथंच व्हायचा. ब्रँच उघडली तेव्हा अम्मा म्हणाली, हाताची सवय मोडली नाही, पहिल्याच दिवशी छाट (नापास करून बाजूला काढलेल्या विड्या) कमी निघाली.

— अशोक चौकाजवळून

○

आमच्याकडे यंत्रमाग आहेत, टॉवेलचे. माग बंद पडले तेव्हा सगळ्यात आधी झोप गेली. आमची पोरं त्या खडखडाटातच वाढलेली. शांततेत रात्री दचकून उठायची. वडील रोज सकाळी शेडमध्ये जायचे, मागांवरची धूळ पुसायचे, तेल द्यायचे, कुलूप लावून यायचे. मी विचारलं, कशासाठी? "सुरू करायचेत ना," एवढंच म्हणाले. मला त्या उत्तरानं धीर आला, बाकी कशानं नाही.

— अक्कलकोट रोड

○

मी परिचारिका आहे. २०२० च्या उन्हाळ्यात सरकारी रुग्णालयातल्या कोविड वॉर्डात होते. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पीपीई किट चढवलं की सहा तास पाणी नाही. घाम बुटात साठायचा, चालताना त्याचा आवाज यायचा. किटमध्ये आम्ही सगळ्या सारख्याच दिसायचो, म्हणून छातीवर मार्करनं नाव लिहायचो. रुग्णांना घरचं माणूस भेटत नव्हतं, निदान समोर कोण उभं आहे ते तरी कळावं.

एक आजोबा होते, बीपी आणि शुगर दोन्ही. ऑक्सिजनवर, बराच वेळ पालथे झोपवलेले. रोज संध्याकाळी माझी ड्यूटी लागली की विचारायचे, "आज किती घरी गेले ओ ताई?" मी आकडा सांगायची. चार. कधी सात. ते बोटांवर मोजायचे. हळूहळू शेजारच्या खाटाही विचारायला लागल्या. दुसरे आकडे त्यांना माहीत होते. खाट रिकामी होताना त्यांना दिसत होतं. ते कधी कोणी विचारले नाहीत.

एका संध्याकाळी आकडा शून्य होता. दारापासून त्यांच्या खाटेपर्यंत जाताना मी ठरवत होते, काय सांगू? खोटं सांगितलं असतं तर उद्यापासून खऱ्याचीही किंमत गेली असती. म्हटलं, "आज कोणी नाही, आजोबा." ते जरा वेळ गप्प राहिले. मास्कमधून हवेचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाले, "बरं. उद्याचे मोजू."

माझा जायचा-यायचा रस्ता भैय्या चौकातून. तिथं डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी. लहानपणापासून ते स्मारक बघत आले, पण त्या उन्हाळ्यात तिथून जाताना मान आपोआप तिकडे वळायची. आपल्याच गावातला माणूस इतक्या लांब जाऊन राहिला, मला तर घरापासून तीन किलोमीटरवर राहायचं होतं.

— सिस्टर

○

हा धागा दोनदा उघडून बंद केला. मला शांत राहता आलं नव्हतं, तेही इथं लिहिलेलं असावं म्हणून लिहितो.

एप्रिल २०२१. धाकट्या भावाचा ऑक्सिजन ८४ वर आला. फोनवर फोन. एका खासगी दवाखान्यानं खाट आहे म्हणून बोलावलं आणि दारात पोचल्यावर नाही म्हणाले. पहाटे दुसरीकडे जागा मिळाली. चौथ्या दिवशी तो गेला. चेहराही नीट बघायला मिळाला नाही. नंतर मी स्वतः पॉझिटिव्ह, एकटा घरात. त्या काळात कोणी 'धीर धर' म्हटलं की मी फोन ठेवून द्यायचो.

शेजारी एक चाचा राहतात. ते रोज संध्याकाळी सातला आमच्या मधल्या भिंतीवर डबा ठेवायचे. भाकरी, भाजी, शेंगाचटणी. ठेवून दहा पावलं मागं जायचे आणि मी उचलेपर्यंत उभे राहायचे. बोलायचे काहीच नाहीत. आता भिंतीवर डबा ठेवलाय म्हटल्यावर रिकामा परत द्यायला हवा, आणि द्यायचा तर घासायला हवा. त्या अठरा दिवसांत मी अंघोळ टाळली, फोन टाळले, पण तो डबा रोज घासला. झाकणाच्या खाचेत चटणीचं तेल अडकायचं, ते काडीनं काढायचो. आज मागं बघतो तर मला त्या डब्यानंच उभं ठेवलं.

— विजापूर रोड

○

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. शांत राहता आलेल्यांचाच हा धागा आहे असं मला म्हणायचं नव्हतं. माझ्या प्रश्नात तसं वाटलं असेल तर माफ करा.

— जुळे सोलापूर

○

मी आशा सेविका. सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही तपासणी मोहीम सुरू झाली, तेव्हा घरोघर फिरले. पहिले दिवस वाईट होते, लोक दार लावून घ्यायचे. ऑक्सिजन मोजायचं मशीन बोटाला लावलं की उचलून नेतात, असं पसरलं होतं. एका घरी बाईंचा आकडा ८९ आला आणि सगळं घर रडायला लागलं. मी बघितलं तर नखांवर गडद नेलपेंट, हात पाण्यातून काढलेले, गार. नेलपेंट पुसलं, हात चोळून गरम केले, पुन्हा लावलं. ९८. त्या बाईंनी सगळ्या वाड्याला ओरडून सांगितलं. पुढच्या फेरीला लोक स्वतःच म्हणायचे, "माझं पण मोजा की ओ." घाबरलेल्या माणसासमोर आपण दोन मिनिटं जास्त थांबावं, एवढं मी तिथं शिकले.

— आशाताई

○

पंढरपूरहून लिहितेय. आमचं बुक्का, कुंकू, तुळशीमाळांचं दुकान आहे. वर्षाची कमाई आषाढीवर. २०२० ला मंदिर बंद, शहरात संचारबंदी, आणि १ जुलैच्या एकादशीसाठी संतांच्या पादुका एसटीनं आल्या. माळांची पोती तशीच पडून. वडील बोलेनासे झाले.

आजीनं मात्र वेगळंच काढलं. तिच्या लहानपणी वारीला येताना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागायची, दंड सुजायचा. तिच्या आईच्या वेळी तर वारीत कॉलरा शिरला की वाटेवरच माणसं जायची. ती वडिलांना म्हणाली, "तो कॉलरा आता कुठं दिसतो का तुला? सुई आली, पाणी नीट झालं, तो गेला. विठोबा आहे तिथंच आहे." जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण सुरू झालं आणि पुढं ज्येष्ठांची पाळी आली, तेव्हा आमच्या घरातून पहिली ती गेली. वडिलांनी तिला गाडीवर बसवून नेलं. दुकानातली एक माळ तिनं नर्सच्या हातात ठेवली.

— पंढरपूर

○

जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. माझ्या वर्गातल्या बऱ्याच घरी मोबाईल नव्हता. आठवड्यातून तीनदा वस्तीवर जाऊन लिंबाखाली लांब-लांब बसवून शिकवलं. डिसेंबर २०२० मध्ये परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि बक्षिसाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांत वाटली. आपल्याच जिल्ह्यातली झेडपीची शाळा! दुसऱ्या दिवशी लिंबाखाली पोरांना ते सांगताना माझा आवाज भरून आला होता.

— माढा तालुका

○

अम्माला सगळं वाचून दाखवलं. डब्याचं ऐकून तिनं डोळे पुसले. तिचा एक प्रश्न आहे, सिस्टरताईंना विचार म्हणून मागं लागलीय. त्या आजोबांचं पुढं काय झालं?

— अशोक चौकाजवळून

○

अम्मांना सांगा, एकविसाव्या दिवशी घरी गेले. दुपारी, माझ्या ड्यूटीच्या आधीच. संध्याकाळी मी वॉर्डात शिरले तर पलीकडच्या खाटेनं विचारलं, "ताई, आज किती?" मी सांगितलं, पाच. त्यात ते होते.

— सिस्टर