शेखा रिमितीला रेडिओबंदी करणाऱ्या देशानं तिचा वारसा मिरवावा का?

माळरान:
डिसेंबर २०२२ मध्ये अल्जीरियाचं राई हे लोकगायन युनेस्कोच्या वारसायादीत गेलं. तेव्हापासून शेखा रिमिती डोक्यातून जात नाही. १९२३ साली पश्चिम अल्जीरियात जन्म, आईबाप लहानपणीच गेले, अक्षरओळख नाही. लग्नाकार्यात, जत्रांत गायची. साथीला गस्बा ही बोरूची लांब बासरी आणि गल्लाल हा ढोल. दोनशेच्या वर गाणी रचली, सगळी तोंडपाठ. दारू, विरह, देहाची ओढ, सगळं एका बाईनं उघड गायलं. १९६२ मध्ये स्वातंत्र्य आलं आणि सरकारी रेडिओ-टीव्हीची दारं तिला बंद झाली. शेवटी पॅरिस गाठावं लागलं. त्या बंदीची चूक कबूल केल्याशिवाय वारसा मिरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कातळ:
इतकं सरळ नाही हो ते. १९५४ ते ६२ तिथे फ्रेंच सत्तेविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं आणि बाई फ्रेंचांच्या ताब्यातल्या रेडिओवर गात होत्या. घरटी माणूस गमावलेल्या लोकांना तो आवाज कसा वाटला असेल? शिवाय १९५४ चं त्यांचं 'शर्राग गत्ता' हे गाणं, म्हणजे 'फाड, चीर'. कौमार्याच्या कल्पनेवरच घाव, असा अर्थ लोकांनी लावला. नव्या सरकारनं हात आखडता घेतला, हे मी समजू शकतो.

माळरान:
समजू मीही शकतो, पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. आणि फ्रेंचांची बाजू कसली? तिला फ्रेंच येतही नव्हतं! नावाची गोष्टच बघा. जत्रेत पाऊस आला म्हणून ती कँटीनमध्ये शिरली. चाहत्यांना पाजायचं होतं, पण 'अजून एकेक भरा' हे फ्रेंचमध्ये सांगता येईना, म्हणून कानावर पडलेलं 'रमेते' गुणगुणली. लोकांनी तेच नाव पाडलं. शेखा, म्हणजे जाणती गायिका, तिला मी शत्रूची माणूस मानणार नाही.

ओवी:
सरकारचं सोडा. मला जास्त लागतं ते नंतरच्या तरुण गायकांचं. शेब खालेदपर्यंत सगळे तिच्या गाण्यांवर उभे राहिले, कॅसेटी खपल्या, पैसा आणि नाव त्यांना. आमची गाणी उचलली, हे ती स्वतः बोलून दाखवायची.

कातळ:
लोकगीत असंच पसरतं की. मालकी लावली तर ते लोकांचं कसं राहील?

ओवी:
रचणारी बाई समोर जिवंत असताना? तिचं नाव घ्यायला किती वेळ लागतो? १९७१ च्या मोटार अपघातात तिचे तीन साथीदार गेले, ती स्वतः कोमात होती. १९७६ मध्ये हज केली, दारू-सिगारेट सोडली, गाणं सोडलं नाही. एवढं सोसून उभी राहिलेली कलावंत 'परंपरेतलं' या एका शब्दात नाहीशी करायची, हे मला मान्य नाही.

कातळ:
हे मात्र पटलं. नाव घ्यायलाच हवं होतं. बंदीबाबत माझं मत तेच. आणि तिनंही माती तोडली नाही. २००५ चा अल्बम, वय ८२, मुद्दाम अल्जीरियातल्या ओरानला जाऊन रेकॉर्ड केला.

माळरान:
गेली ती, दार कोणी उघडलं नव्हतं तरी. तो अल्बम रात्री पुन्हा ऐकला. आवाज घोगरा, जवळजवळ पुरुषी, कुठे गोड करायचा प्रयत्न नाही. पुढच्याच वर्षी, मे २००६ मध्ये, पॅरिसच्या झेनिथमध्ये भरल्या सभागृहापुढे गायली आणि दोन दिवसांनी गेली.