पासपोर्ट जानेवारीत संपतोय, ऑक्टोबरमध्ये जाता येईल का? (मदत हवी आहे, तातडीचं)

रेवा
ऑक्टोबरमध्ये परदेशी जायचंय आणि पासपोर्टची मुदत जानेवारीत संपतेय. तिकिटं काढून झाली. ऑफिसमधली एक जण म्हणाली, सहा महिने शिल्लक नसतील तर विमानात चढूच देत नाहीत. बहीण म्हणते तसं काही नसतं, परत येईपर्यंत चालू असला की झालं. साइट वाचायला गेले तर प्रत्येक ठिकाणी वेगळंच लिहिलंय. चालेल की नाही, एवढंच सांगा. 'गुगल करा' म्हणू नका, तेच करून डोकं उठलंय.

सदाप्रवासी
नाही चालणार. सहा महिने म्हणजे सहा महिने. माझ्या भाच्याला काउंटरवरून परत पाठवलं होतं. सामान पट्ट्यावर चढलेलं, ते उतरवून हातात दिलं. पासपोर्ट आजच रिन्यूला टाका, दुसरा विचारच करू नका.

मनस्वी
कुठल्या देशात जाताय ते तर लिहा! त्यावरच सगळं अवलंबून आहे. आणि पासपोर्ट भारतीयच ना?

हिशेबनीस
सदाप्रवासी, सहा महिन्यांचा नियम सगळीकडे नाही. सिंगापूर, थायलंड, इंडोनेशिया, संयुक्त अरब अमिराती इथे आहे. ब्रिटन आणि जपानला मुक्कामभर वैध असला तरी पुरतो. अमेरिकेने काही देशांच्या पासपोर्टना सहा महिन्यांच्या अटीतून सूट दिली आहे आणि त्या यादीत भारत आहे. म्हणजे देश कळल्याशिवाय 'नाही चालणार' सांगणं बरोबर नाही.

सदाप्रवासी
नियम कागदावर काहीही असो, काउंटरवरचा माणूस काय म्हणतो ते महत्त्वाचं. भाचा ब्रिटनलाच चालला होता का म्हणून विचाराल, तर नाही, बालीला. पण सवय म्हणून सहा महिने ठेवावेतच.

हिशेबनीस
बाली इंडोनेशियात आहे. तिथे पोचल्याच्या दिवशी सहा महिने शिल्लक लागतातच. काउंटरवरचा माणूस मनाने ठरवत नाही, त्याच्यासमोर टिमॅटिक नावाची प्रणाली असते. पासपोर्ट कुठला, जायचं कुठे, मध्ये कुठे थांबणार हे घातलं की ती नियम दाखवते. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर त्याला परत आणायचा खर्च विमान कंपनीवर पडतो, शिवाय दंडही होऊ शकतो. म्हणून ते इतके काटेकोर असतात.

निळी_बॅग
व्हिसाच्या फोटोचं मात्र आधी बघून घ्या. शेंगेनला (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांचा गट) ३५ × ४५ मिमी लागतो, मागचा पडदा फिकट आणि चेहरा ठळक. चष्म्यावर उजेड पडला तर फोटो नाकारतात. माझ्या मैत्रिणीला दोनदा काढावा लागला.

रेवा
फोटो काढून झालेत, प्रश्न तो नाहीये. नेदरलँड्सला जायचंय. भारतीय पासपोर्ट. ११ जानेवारीला संपतो. आता सांगा.

मनस्वी
मग शेंगेनचा नियम. तिथे सहा नाही, तीन महिने लागतात. २ किंवा ३ ऑक्टोबरला पोचत असाल तर जानेवारी ११ म्हणजे तीन महिन्यांच्या वर झाले. चालेल! उगाच घाबरवलं तुम्हाला.

रेवा
देवा, थँक्यू! २ ऑक्टोबरलाच पोचतोय. गुरुवारी व्हिसा सेंटरची अपॉइंटमेंट आहे, मी तर रद्द करणार होते.

हिशेबनीस
थांबा, एवढ्यात खूश होऊ नका. शेंगेनचे तीन महिने पोचल्यापासून मोजत नाहीत, तिथून निघायच्या दिवसापासून मोजतात. परतीची तारीख काय? व्हिसा अजून मिळायचाच आहे म्हणता, म्हणजे अर्ज तपासतानाही हाच हिशेब लावतील. याशिवाय दोन अटी आहेत: पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा आणि व्हिसासाठी किमान दोन कोरी पानं हवीत.

मनस्वी
हो, हे बरोबर आहे. मी आगमनापासून मोजलं. रेवा, परतीची तारीख सांगा.

रेवा
२५ ऑक्टोबरला ॲमस्टरडॅमहून निघतोय. कोरी पानं भरपूर आहेत, आई एकदाच कुठे गेली होती.

मनस्वी
आई? पासपोर्ट तुमचा नाही?

रेवा
आईचाच आहे, माझा २०३१ पर्यंत आहे. त्याने काय फरक पडतो?

हिशेबनीस
नियमाला फरक पडत नाही, पण उत्तर देणाऱ्याला माहीत हवं. २५ ऑक्टोबरपासून तीन महिने म्हणजे २५ जानेवारी. आईंचा पासपोर्ट ११ ला संपतो. चौदा दिवस कमी पडतात. या तारखांवर अर्ज दिला तर तो अडण्याची पूर्ण शक्यता आहे.

सदाप्रवासी
मी पहिल्याच ओळीत रिन्यू करा म्हणालो होतो.

हिशेबनीस
सल्ला बरोबर निघाला, कारण नाही. नेदरलँड्सला जाणाऱ्या माणसाला सहा महिन्यांचं कारण सांगितलं तर पुढच्या वेळी तो भलत्याच देशाचा हिशेब मांडेल.

जुना_सभासद
ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचा घोळ वेगळाच असतो. पूर्वी जुन्या पासपोर्टचे उरलेले महिने नव्यात मिळवून द्यायचे, सप्टेंबर २०१८ मध्ये ते थांबलं. त्यामुळे काही पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीचे होते आणि शेंगेनच्या दहा वर्षांच्या अटीत लोक अडकले. शेवटच्या तारखेइतकीच देण्याची तारीखही बघावी.

मनस्वी
उपयोगी आहे, पण आईंचा भारतीय आहे आणि तो दहाच वर्षांचा असतो. हा प्रश्न इथे येत नाही.

रेवा, परतीचं तिकीट अलीकडे आणता येईल का? ११ ऑक्टोबरला किंवा त्याआधी निघालात तर तीन महिने बसतात.

रेवा
नाही हो. ताईच्या बाळंतपणासाठी जातोय. डॉक्टरांनी ८ ऑक्टोबरची तारीख दिलीय. बाळ तीन दिवसांचं असताना आईने निघायचं? शक्यच नाही. मुक्काम कमी करायचा तर जाण्यात अर्थ नाही.

निळी_बॅग
बाळंतपण असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा! तातडीच्या कारणासाठी तीन महिन्यांची अट शिथिल करता येते असं नियमातच आहे.

हिशेबनीस
तरतूद आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर. ज्याची तारीख महिन्यांपूर्वीच माहीत आहे त्याला तातडी मानतील, या भरवशावर आईंचा अर्ज टाकू नका. नकार आला तर पुढे बऱ्याच देशांच्या अर्जांत तो सांगावा लागतो.

एक विचारायचं राहिलं. विमान थेट आहे की मध्ये थांबतं?

रेवा
जाताना दुबईत फक्त विमान बदलायचंय. येताना दोन दिवस दुबईत मामेबहिणीकडे राहणार आहोत. ते काय, ट्रान्झिटच ना?

हिशेबनीस
नाही! विमानतळाबाहेर पडून घरी राहणार म्हणजे तो देशात प्रवेश झाला. त्याला व्हिसा लागतो आणि अमिरातीचा सहा महिन्यांचा नियम लागू होतो. २५ ऑक्टोबरला आईंच्या पासपोर्टवर अडीच महिने उरतील. शेंगेनचं काहीतरी जमलं असतं तरी दुबईत अडकलंच असतं, तेही परतीच्या वाटेवर.

सदाप्रवासी
आता तरी माझं सहा महिन्यांचं पटतंय ना?

मनस्वी
दुबईपुरतं, हो. :)

रेवा, ऑगस्ट नुकताच सुरू झालाय, वेळ आहे. भारतीय पासपोर्ट संपायच्या एक वर्ष आधीपासून रिन्यू करता येतो, त्यामुळे आईंचा अर्ज आजही घेतील. तत्काळमध्ये टाका. पत्ता बदलला असेल तर आधी त्याचा पुरावा हाताशी ठेवा, तिथेच सगळ्यात जास्त वेळ जातो. आणि गुरुवारची अपॉइंटमेंट आईंसाठी सोडून द्या. व्हिसा अर्जावर पासपोर्ट नंबर असतो, नवा पासपोर्ट आला की तो बदलतो. तुमचा स्वतःचा अर्ज मात्र गुरुवारी देऊन टाका.

रेवा
एकटीने देऊ? दोघींचं एकत्र दाखवायचं होतं, तिकीट एकच आहे, ताईचं निमंत्रणपत्रही दोघींच्या नावाने आहे.

मनस्वी
पत्रात आईंचा जुना पासपोर्ट नंबर असेल तर ताईंकडून नवं मागवावंच लागेल. मग दोघींची अपॉइंटमेंट पुढची घ्या. तारखा मिळतात का ते आत्ताच बघा, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सरकवू नका. नेहमीचा निर्णय पंधरा दिवसांत येतो, पण त्याहून जास्तही लागू शकतात.

हिशेबनीस
विम्याच्या कागदावरचा पासपोर्ट नंबरही बदलून घ्या. तिकीट नावावर असतं, ते रद्द करायची गरज नाही. बुकिंगमध्ये जाऊन फक्त नवा नंबर भरायचा. नव्या पासपोर्टवर नावाचं स्पेलिंग तिकिटावरच्यासारखंच येतंय का, ते अर्ज भरतानाच तपासा.

रेवा
आईचा अर्ज भरला, परवाची वेळ मिळाली. कागद काढले तर पत्ता तोच निघाला, सुटले. व्हिसाची दोघींची अपॉइंटमेंट २८ ऑगस्टची मिळाली. ताईला नव्या पत्राचं कळवलंय, ती जरा चिडली पण करतेय. एकच राहिलं: आईच्या जुन्या पासपोर्टवर सिंगापूरचा व्हिसा आहे. तो पासपोर्ट परत देतात की ठेवून घेतात?

मनस्वी
रद्दचा शिक्का मारून परत देतात. व्हिसाच्या अर्जाला बरोबर न्या, आधीचा प्रवास दाखवायला उपयोग होतो.

जुना_सभासद
जुन्या पासपोर्टमध्ये अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर तोही वाया जात नाही. दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे, जुन्यातला व्हिसा फाडायचा किंवा काढायचा नाही.

पाऊलखुणा
धागा आत्ता वाचला. आम्हीही डिसेंबरमध्ये बालीला चाललोय. आमचे पासपोर्ट ठीक आहेत, मुलाचा बघितलाच नाही. तो आठ वर्षांचा आहे, पासपोर्ट तो चार वर्षांचा असताना काढला होता. त्याचीही दहा वर्षं असतात ना?

हिशेबनीस
नाही. लहान मुलांचा पाच वर्षांचा असतो, किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते. कपाटातून काढून शेवटची तारीख इथे टाका.